भिंतीवरची लाल रेघ

आमच्या छापखान्याच्या भिंतीवर २००५ साली मी स्वतःच्या हाताने एक लाल रेघ मारली होती. सांगलीत, गणपती पेठेमागच्या बोळात आमचा प्रेस. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली आणि आमच्या फरशीवर दोन फूट पाणी उभं राहिलं. ते उतरल्यावर चिखल काढला, ऑइलपेंटचा छोटा डबा आणला, लाकडी पट्टी धरून रेघ ओढली आणि खाली साल लिहिलं. पुढची चौदा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती रेघ दाखवायची मला हौस होती. एखाद्याच्या घरात वाघाचं कातडं असतं ना भिंतीवर, तशी.

रेघेच्या वर दीड फूट सोडून रॅकची पहिली फळी बसवली. कॉम्प्युटरचं टेबल उंच केलं. मशीनची मोटर तेवढी खालीच राहिली, पण चार बोल्ट काढले की ती निघते हे आमच्या मशीनमन मामांनी मला तेव्हाच दाखवून ठेवलं होतं. एवढं झाल्यावर पुराचा विषय माझ्यापुरता संपला. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, "आपली तयारी आहे."

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा. गणपती २ सप्टेंबरला, म्हणजे आमचा ऐन सुगीचा काळ. मंडळांची पावतीपुस्तकं, अहवाल, कार्यक्रमपत्रिका. शिवाय विधानसभेच्या निवडणुका तोंडावर. रॅक छतापर्यंत कागदाने भरलेले. कोयनेतून पाणी सोडणं चालू होतं, वारणाही फुगली होती. आयर्विनला ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. सकाळी उठून आम्ही आधी फूट विचारतो, मग चहा.

शनिवारी संध्याकाळी मामा घरी निघाले. ते शिराळ्याकडचे, सोमवारी नागपंचमी. शिराळ्याचा माणूस त्या सणाला दुसरीकडे राहत नाही. चप्पल घालता घालता म्हणाले, "मालक, मोटर काढून माळ्यावर ठिवू का? अर्ध्या तासाचं काम हाय."

मी पावतीपुस्तकांचं प्रूफ वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "मशीन बंद पडलं तर उद्याच्या छपाईचं काय? तुम्ही या जाऊन, मग बघू."

त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केलाय. माझी माहिती चुकली नव्हती. फूट मला माहीत होते. मनात हिशेब एवढाच होता की पाणी आलं तरी रेघेपर्यंत येईल. मोटर भिजली तर भिजली, वाइंडिंग करून घेऊ. दोन दिवसांची छपाई सोडायची नव्हती. नदीने २००५ साली माझ्याशी करार केल्यासारखा मी निर्धास्त होतो.

सोमवारी दिवसभर टीव्हीवर काश्मीरचं ३७० वं कलम. आम्ही चार दुकानदार चहाच्या गाड्यावर आधी काश्मीर सोडवलं, मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे वळलो. अलमट्टीमुळे पूर येतो की नाही यावर सांगलीत दोन तास सहज जातात. तेवढ्या वेळात दोन टेंपो कागद हलला असता. मंगळवारी बोळाच्या तोंडाशी पाणी दिसलं, तेव्हा टेंपोवाल्याने फोन उचलला नाही. बायको, मुलगा आणि मी मिळून तळची कामं वरच्या फळ्यांवर चढवत राहिलो. पान्हे मामांच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली शिराळ्याला. रस्ते बंद झालेले. फोनवर मामा बोल्टचा नंबर सांगत होते आणि मी पक्कडीने तो बोल्ट गोल करून टाकत होतो.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या रेघेवर जवळजवळ चार फूट. गुरुवारी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेल्याची बातमी आली, तेव्हा कागदाबद्दल बोलायचीही लाज वाटली. आमचं गेलं ते सामान होतं, हे इथेच सांगून टाकतो.

आत पाऊल ठेवलं तेव्हा पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता. सगळ्यात वरची फळी सात फुटांवर होती. तिथवर पाणी पोचलं नव्हतं. म्हणजे तिथला महागडा आर्ट पेपर कोरडा असायला हवा होता. झालं असं, की खालच्या फळ्यांवरच्या मॅपलिथोच्या रीमा पाणी पिऊन फुगल्या. फुगलेल्या कागदाची ताकद काय असते ते मी तीस वर्षं कागदात काढूनही पाहिलं नव्हतं. लोखंडी अँगल बाहेरच्या बाजूला वाकलेले, बोल्ट तुटलेले आणि अख्खा रॅक पोटावर आडवा पडलेला. वरची फळी कोरड्या छताजवळून थेट पाण्यात. आर्ट पेपर भिजला की त्याचे ताव एकमेकांना चिकटतात आणि रीमेची वीट होते. अशा विटा आम्ही फावड्याने काढल्या. ज्या फळीवर मी मंगळवारी जीव तोडून सामान चढवलं, तिनेच सगळं खाली आणलं.

पण खरा फटका कागदाचा नव्हता. मिरजेतल्या एका प्रेसवाल्याचा फोन आला. एरवी आमचं फार सख्य नाही. म्हणाला, "फाइली पाठव, रात्रीत छापून देतो. बिल तुझ्या नावाने कर." असा माणूस संकटात मिळायला नशीब लागतं. माझ्याकडे पाठवायला फाइल नव्हती. बारा वर्षांची डिझाइनं कॉम्प्युटरमध्ये आणि त्यांचा बॅकअप न चुकता दर शनिवारी घेतलेला, वेगळ्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये. कॉम्प्युटरपासून हातभर अंतरावर. दोन्ही एकाच पाण्यात आठवडाभर बसून होती.

एका संस्थेचं वर्षभराचं काम आमच्याकडे होतं. त्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि मिरजेला गेले. ते परत आले नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर चार दिवसही थांबलो नसतो.

उधारीचं खातंही त्याच डिस्कवर. मी आठवून आठवून वहीत आकडे लिहिले आणि गिऱ्हाइकांना फोन लावले. दोघांनी माझ्या आठवणीपेक्षा जास्त रक्कम स्वतःहून सांगितली. काहींनी शांतपणे विचारलं, "बिल असेल ना?"

विमा होता. बँकेच्या कर्जासोबत घेतलेला, दर वर्षी एजंट आठवण करायचा आणि मी तोच आकडा पुढे चालू ठेवायचो. माल १५ लाखांचा दाखवलेला; त्या दिवशी प्रत्यक्षात होता ३० लाखांचा. नुकसान १८ लाख. मला वाटलं, १५ तर मिळतील. सर्व्हेअर चांगला माणूस होता. पॉलिसीतलं सरासरीचं कलम त्याने मला दोनदा वाचून दाखवलं: मालाचा निम्माच विमा, तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई. नऊ लाख, त्यातून वजावट. हा नियम पॉलिसीत पहिल्या वर्षापासून छापलेला होता. दुसऱ्यांचं प्रूफ वाचण्यात हयात गेली, आपला कागद कधी वाचला नाही.

मग मी शहाणा झालो, असं वाटलं. पान्ह्यांचा दुसरा संच, बॅकअप विट्याला मेहुण्याकडे, विमा पूर्ण रकमेचा. भिंतीवर दुसरी रेघ मात्र मारली नाही. सहा महिन्यांनी मार्च २०२० उजाडला. एप्रिल-मेच्या लग्नपत्रिका छापून, बांधून तयार होत्या. टाळेबंदी लागली आणि त्या तारखांची लग्नंच राहिली नाहीत. गठ्ठे कोरडे ठणठणीत, माळ्यावर, पुरापासून पूर्ण सुरक्षित. पगाराला गल्ल्यात एक महिन्याचेही पैसे नव्हते. पुन्हा एकदा मी झालेल्या संकटाचीच तयारी करून बसलो होतो.

जुलै २०२१ ला नदी ५५ फुटांच्या आसपास आली. या वेळी ३५ फुटांनाच छपाई थांबवून मोटर उतरवली, कागद हलवला. शेजारचे हसले. प्रेसमध्ये पाणी आलं ते रिकाम्या रॅकमध्ये. चार दिवसांची छपाई बुडाली, आणि टेबलाखालच्या यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या. त्या कुणालाच आठवल्या नाहीत.

तेव्हापासून दारामागे एक कागद चिकटवला आहे. कोणत्या फुटाला काय हलवायचं, पान्हे कुठे, पेटीची किल्ली कुणाकडे, आणि खाली पाच फोन नंबर: दोन टेंपोवाले, एक इलेक्ट्रिशियन, मिरजेचा तो प्रेसवाला, मामा. मागच्या महिन्यात सहज म्हणून पाचही नंबर फिरवून पाहिले. दोन बंद होते.