शेजारच्या घरातला पेसाह

कल्याणहून लोकल पकडली की डोंबिवली, मुंब्रा, कळवा मागे टाकत ठाणे येते. पश्चिमेला उतरून टेंभी नाक्याच्या बाजूने सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले की यहुदी बांधवांचे प्रार्थनास्थळ दिसते. फाटकावर पोलिसांचा पहारा असतो. 1879 साली स्थापन झालेल्या या वास्तूचे नाव ‘शाआर हाशमाइम’, म्हणजे आकाशाचे द्वार. अरबीतला ‘समा’ आणि हिब्रूतला ‘शमाइम’ हे एकाच मुळाचे शब्द, जसे ‘सलाम’ आणि ‘शालोम’. उर्दू-अरबी जाणणाऱ्याला हे नाव परके वाटत नाही.

हे लोक बेने इस्रायल, म्हणजे कुरआनच्या भाषेत बनी इस्राईल. त्यांच्यातली वडीलधारी मंडळी आपल्या प्रार्थनास्थळाला मराठीत ‘मशीद’च म्हणत आली. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी बांधलेले पहिले प्रार्थनास्थळ ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा अशी की, हे कैदी बनी इस्राईल आहेत असे कळल्यावर सुलतानाच्या आईने त्यांना अभय द्यायला सांगितले. ज्यांचे नाव कुरआनात वाचले ते लोक आज प्रत्यक्ष पाहायला मिळाले, असे तिला वाटले. सुटकेच्या शुक्रान्यात दिवेकरांनी ती वास्तू उभारली.

परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचले. सात पुरुष, सात स्त्रिया. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे त्यांच्या गावांची. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. नोकरीधंद्यासाठी कोकणातून निघालेली अनेक कुटुंबे या रेल्वेच्या कडेने वसली.

त्यांचा पेसाह, ज्याला मराठीत ‘वल्हांडण सण’ असेही म्हणतात, हजरत मूसा (अ.) यांनी बनी इस्राईलला फिरऔनच्या गुलामीतून सोडवले त्याची आठवण आहे. मिसरमधून निघताना कणीक फुगायलाही वेळ नव्हता, म्हणून आठ दिवस घरात खमीर आलेले काहीही चालत नाही. पाव, केक, बिस्किटे, सारे घराबाहेर. जुन्या नोंदींत या सणाचे मराठी नाव ‘अनाशी ढाकाचा सण’ असे सापडते, म्हणजे आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. शतकानुशतके इतर यहुद्यांपासून तुटलेल्या या माणसांकडे ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते. तरी आंबलेली वस्तू या दिवसांत झाकून ठेवायची, एवढे त्यांच्या बायकांनी स्वयंपाकघरात जपले. घरातल्या बाईच्या हातून दीन कसा टिकतो, याचे हे मोठे उदाहरण आम्हांला वाटते.

सणाआधी घराला चुना लावायचा, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची, अशी जुनी रीत होती. ‘मात्सा’ नावाची बिनखमिरी रोटी घरीच लाटली जाई. पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत ती भाजून झालीच पाहिजे, नाहीतर ती बाद. पुण्यात 1874 साली छापलेल्या, मराठी भाषांतरासह असलेल्या त्यांच्या ‘हागादा’ या सणाच्या पोथीत साडी नेसलेल्या बायका मात्सा बनवतानाचे चित्र आहे. आता रोटी बहुधा पाकिटातून येते.

2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी पेसाह आणि रमजान एकत्र आले. आपले वर्ष निव्वळ चंद्रावर चालते, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. यहुदी पंचांगात 19 वर्षांत सात वेळा तेरावा महिना धरतात, त्यामुळे पेसाह मार्च-एप्रिलमध्येच राहतो. या हिशेबाने हे दोन महिने साधारण तेहतीस वर्षांनी काही काळ जुळतात. त्याआधी 1990 च्या सुमारास ते जुळले होते.

5 एप्रिल 2023 रोजी, तेराव्या रोजाला, आम्ही डोंबिवलीतल्या एका बेने इस्रायली घरी गेलो. घरच्या काकू पूर्वी आमच्यासारख्याच शिक्षिका होत्या. दाराच्या चौकटीवर मेजुजा, आत स्वच्छ पांढरी चादर घातलेले टेबल. मगरिब झाली. आम्ही घरून नेलेल्या खजुराने रोजा सोडला, आतल्या खोलीत नमाज पढलो. बाहेर आलो तर टेबलावरही खजूरच, पण शिजवून गाळलेल्या दाट शिऱ्याच्या रूपात. काकू म्हणाल्या, “हा विटांच्या चिखलाचा रंग बघा. आमच्या वाडवडिलांनी मिसरात विटा थापल्या ना, त्याची आठवण.” शेजारी कडू पाला आणि मिठाचे पाणी होते. कडूपणा गुलामीचा, खारटपणा आसवांचा. द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले शरबत होते. त्यांच्यात ही जुनीच पद्धत आहे.

अंधार पडल्यावर सेदेर सुरू झाला. घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारला की ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का. आधी हिब्रूत, मग मराठीत. त्याच्या आजोबांनी सारी हकिकत सांगितली. मुलाने विचारायचे आणि मोठ्यांनी सांगायचे, हीच त्या रात्रीची इबादत. शिक्षक म्हणून हे आमच्या मनाला फार भिडले. एक पेला नबी एलियाहू यांच्यासाठी भरून ठेवला होता. ते म्हणजे आपले हजरत इल्यास (अ.). बेने इस्रायल नवस फेडताना, शुभकार्यात त्यांच्याच नावाने मलिदा करतात, पोहे, नारळ, गूळ आणि फळे घालून. ‘मलिदा’ हा शब्द आपल्या घरांतही आहेच. रोजा हा शब्दही त्यांनी आपल्या उपासांना वापरला, आणि एलूल महिन्यातल्या उपासांना तर ते पूर्वी ‘रमजान’ म्हणत.

आपल्यालाही मूसा (अ.) यांची सुटका परकी नाही. कुरआनात नावाने सर्वाधिक उल्लेख त्यांचाच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तिथले यहुदी मूसा (अ.) यांच्या सुटकेच्या शुक्रान्यात रोजा ठेवताना त्यांना दिसले. मूसांवर आमचा हक्क अधिक आहे असे सांगून त्यांनी आशुराचा रोजा ठेवला आणि ठेवायला सांगितला. आपल्या घरांत आशुराची ही बाजू मुलांना सांगितली जाते का, हे प्रत्येकाने पाहावे.

आता अवघड गोष्ट. गाझातल्या लेकरांची चित्रे पाहून ज्याचे काळीज पिळवटत नाही तो माणूसच नव्हे. त्या जुलमाविरुद्ध बोलणे हे आपले कर्तव्य आहे. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत ‘यहुदी’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला आम्ही ऐकतो, तेव्हा वाटते की ठाण्यात नाहीतर डोंबिवलीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे त्या युद्धाचा जाब मागणे हाही जुलूमच. कुणाच्या तरी गुन्ह्याचा हिशेब नावावरून आणि धर्मावरून आपल्याला विचारला जातो, ते दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक? 2008 च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाउसमधले यहुदीही मारले गेले. तेव्हा हल्लेखोरांना आपल्या मातीत जागा नाही, असे मुंबईच्या बड्या कब्रस्तानच्या विश्वस्तांनी ठामपणे सांगितले होते. तोच न्याय शेजाऱ्याच्या बाबतीतही हवा. माझगावची सर एली कदूरी शाळा 1875 साली बेने इस्रायल समाजाने आपल्या मुलांसाठी सुरू केली. आज तिथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमानांची आहेत.

इस्रायलला गेलेले बेने इस्रायल तिकडेही मराठी बोलतात, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक काढतात. इथे मागे राहिले ते काही हजार. 2016 साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. संख्येने ते इतके थोडे आहेत की आपल्या मुलांना त्यांची ओळख आपोआप होणार नाही. ती आपणच करून द्यावी लागेल.

ज्यांच्या इमारतीत, कार्यालयात असे कुटुंब असेल त्यांनी पेसाहच्या आठ दिवसांत त्यांच्याकडे पाव, केक, नानखटाई, मिठाई नेऊ नये. अख्खी फळे न्यावीत. त्यांची भांडी या दिवसांसाठी वेगळी असतात, म्हणून आपला डबा त्यांच्या ओट्यावर ठेवू नये. आदल्या दिवशी विचारून जावे, कारण ऐन सेदेर ही घरच्या माणसांची रात्र असते. प्रार्थनास्थळात जायचे तर आधी परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे, पुरुषांनी डोके झाकावे. आणि सोबत मुलांना जरूर न्यावे. मूसा (अ.) यांची गोष्ट त्यांना येतच असते. ती दुसऱ्या घरातही सांगितली जाते, हे त्यांना एकदा पाहू द्यावे.