कच्ची प्रत आणि घरचा फोन

सहामाहीची प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी आम्ही शिक्षक तिची कच्ची प्रत एखाद्या सहकाऱ्याला सोडवायला देतो. कुठे गणितातला आकडा चुकलेला असतो, कुठे गुणांची बेरीज जुळत नाही. उर्दूच्या पेपरात तर एक नुक्ता सुटला तरी शब्द बदलतो. चुका सापडाव्यात म्हणूनच ती प्रत दिलेली असते. तीच वर्गात वाटून कुणी परीक्षा घेत नाही.

मोबाईल आणि संगणकाच्या 'बीटा' आवृत्तीचे असेच आहे. सॉफ्टवेअर तयार होत असताना कंपनीतली माणसे जी आवृत्ती तपासतात ती साधारणपणे अल्फा, आणि बाहेरच्या लोकांना चाचणीसाठी देतात ती बीटा. तुम्ही वापरा, काय बिघडते ते आम्हाला कळवा, असा तो सौदा असतो. पण आपल्या घरांत बीटा म्हणजे 'सगळ्यांच्या आधी मिळालेली नवी वस्तू' असाच अर्थ घेतला जातो.

या गैरसमजाला कारणही आहे. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले आणि जुलै २००९ पर्यंत त्याच्या नावापुढे बीटा हा शब्द होता. पाच वर्षे जगाने ते बिनधास्त वापरले. त्यामुळे शब्दाचा धाक गेला. पण एखादे ॲप बीटा असणे वेगळे आणि फोनची मूळ प्रणालीच बीटा असणे वेगळे. घरातली एक खुर्ची डगमगली तर आपण दुसरीवर बसतो. पायाच डगमगला तर कुठे जायचे?

गेल्या वर्षी आमच्या थोरल्या आपांच्या फोनवर भाच्याने अशीच चाचणीची प्रणाली टाकली. अकरावीतला मुलगा, हौस मोठी. "अम्मी, बघा, अजून कुणाकडे आलेलं नाही," म्हणून त्याने फोन हातात दिला. दोन दिवसांत बँकेचे ॲप उघडेना. बॅटरी दुपारीच संपू लागली. मग पूर्वीची प्रणाली परत आणायचे ठरले, तेव्हा सूचना आली की फोनमधले सर्व काही पुसले जाईल.

आपांच्या फोनमध्ये दुल्हाभाईंचे व्हॉइस मेसेज होते. कुवेतहून पाठवलेले, ते हयात असतानाचे. बॅकअपची जागा भरल्यामुळे कित्येक महिन्यांचा बॅकअप झालेलाच नव्हता. आम्ही केबल लावून संध्याकाळभर आवाजाच्या फाइली संगणकावर उतरवल्या. आवाज वाचले. पण त्यांच्या आगेमागे लिहिलेले बोलणे, मुलांच्या फीचा हिशेब, ईदचे बेत, ते सगळे गेले. आपा एवढेच म्हणाल्या, "मला नवं काही नको होतं रे. फोन लागला की पुरे होतं."

पुसावे का लागते, हे समजून घेतले पाहिजे. नवी प्रणाली आपली माहिती नव्या पद्धतीने मांडून ठेवते, आणि जुन्या प्रणालीला ती मांडणी वाचता येईलच असे नाही. म्हणून गूगलच्या पिक्सेल फोनवर पक्की आवृत्ती येण्याआधी बीटामधून बाहेर पडले की फोन पूर्ण कोरा होतो. आयफोनवर बीटामध्ये घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर बसत नाही. बीटा दुसऱ्या, कामात नसलेल्या फोनवर टाका, असे ॲपल स्वतःच सांगते. आत जायला एक बटण पुरते, बाहेर यायला घर रिकामे करावे लागते.

तपासून झालेल्या मालातही चुका राहतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची नवी आवृत्ती चाचणीवाल्यांच्या हातांखालून जाऊन बाजारात आली, आणि काही लोकांची कागदपत्रे व फोटो पुसले गेले. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच ती थांबवावी लागली. पक्क्या प्रतीचे हे, तर कच्चीचे काय सांगावे?

मुलांची हौस मारू नये, असे आमचे मत आहे. चाचणी करणारे नसते तर कुठलीच आवृत्ती पक्की झाली नसती. घरातला जुना, सिमकार्ड काढलेला फोन त्यांना द्यावा. काय बिघडले ते तारखेनिशी वहीत लिहून कंपनीला कळवायला सांगावे, शिकणे त्यातच आहे. मात्र ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, परदेशातल्या माणसाचा फोन येतो, तो फोन एकट्याचा नसतो. त्यात साऱ्या घराची अमानत असते. त्याला हात लावण्याआधी बॅकअप घ्यावा, तो खरोखर उघडतो का ते पाहावे, आणि ज्याचा फोन आहे त्याला विचारावे. 'नवीन बीटा' म्हणून कुणी गटावर पाठवलेली एपीके फाइल तर उघडूच नये. ती बहुतेक वेळा बीटाही नसते.