धातू वेगळा, मजुरी वेगळी

संपादकांनी विषय दिला तो असा: दागिने घडवण्याचा छंद असणाऱ्यांनी पूर्णवेळ व्यवसायात कसं उतरावं. सोबत एक सूचनाही होती, की वाचकांना तांत्रिक गोष्टी कळणार नाहीत, त्या शक्यतो टाळा. प्रयत्न करते. पण चांदीच्या कामात टाका आणि घट हे दोन शब्द टाळून पैशाचं काहीच सांगता येत नाही, आणि हा सगळा विषय शेवटी पैशाचाच आहे.

पुण्यात माझी चांदीच्या दागिन्यांची छोटी कार्यशाळा आहे. शनिवार-रविवार तिथे शिकवते. येणाऱ्यांत बँकेतले असतात, शिक्षिका असतात, संगणकावर बसून कंटाळलेले इंजिनियर असतात. पहिली अंगठी स्वतःच्या हाताने जोडली की माणसाचा चेहरा बदलतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय तरी मला त्याचा कंटाळा येत नाही. वर्षभरात त्यातलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, नोकरी सोडू का?"

गेल्या जानेवारीत माझ्याकडे आलेली मुलगी नोकरी सोडून मगच आली होती. ती माझी विद्यार्थिनी नव्हे. सांगलीकडची, हात अतिशय चांगला. रव्याचं काम, म्हणजे चांदीचे बारीक दाणे ओळीने मांडून जोडायचं काम, ती असं करायची की एकही दाणा ओळ सोडत नव्हता. २०२५ च्या श्रावणात तिने लग्नसराईच्या ऑर्डरी घेतल्या. झुमक्यांचा एक जोड २,६०० रुपयांना, भाव पक्का, थोडी रक्कम आगाऊ. ऑर्डरी भरपूर आल्या आणि त्या जोरावर तिने बँकेतली नोकरी सोडली. जानेवारीत ती वही घेऊन आली तेव्हा बहुतेक सगळे दागिने पोचते झाले होते, एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती, आणि तिची शिल्लक संपली होती.

तो हिशेब इथे मांडते, कारण तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. झुमक्यांचा जोड १५ ग्रॅमचा. ९२५ ची चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी आणि बाकी बहुधा तांबं. १५ ग्रॅमला शुद्ध चांदी लागते १३.८७५ ग्रॅम. श्रावणात चांदी किलोला १ लाख १५ हजारांच्या आसपास होती. जीएसटी धरून ग्रॅमला १२० रुपये म्हणू. चांदी झाली १,६६५ रुपयांची. आता घट. तार ओढताना, कानस मारताना, पॉलिश करताना धातू कण-कण उडतो. तुकडे परत वितळवता येतात, पण धूळ सगळी हाती लागत नाही. सराफ कट्ट्यावर पूर्वी झारेकरी पेढीसमोरची माती झाडून नेत आणि धुऊन त्यातलं सोनं-चांदी काढत, ते या घटीमुळेच. घटीचे ८० रुपये धरा. टाका (म्हणजे जोड धरणारा, वितळून वाहणारा धातू), सवागी (म्हणजे टाकणखार) आणि गॅस मिळून ६०, पॉलिश १२०, डबी आणि कुरिअर १५०. एकूण २,०७५. उरले ५२५. या जोडाला तिचे आठ तास जात होते. म्हणजे तासाला ६५ रुपये, आणि त्यातूनच प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं, फोटो आणि न खपलेला माल.

हे श्रावणातलं चित्र. तिने चांदी एकदम घेतली नाही, ऑर्डर करायला बसेल तशी घेत गेली. दसऱ्याच्या सुमारास चांदी दीड लाखाच्या घरात गेली. डिसेंबरात चांदीने दोन लाख ओलांडले, म्हणजे जीएसटीसह ग्रॅमला २०६ रुपये. त्या भावाने झुमक्यांची नुसती चांदीच २,८५८ रुपयांची. मजुरी राहू द्या, प्रत्येक जोडामागे ती खिशातून चांदी घालून गिऱ्हाइकाला देत होती. शब्द दिला म्हणून तिने एकालाही भाव वाढवून सांगितला नाही. याचा मला तिच्याबद्दल आदर वाटतो आणि रागही येतो, आणि दोन्हींत जास्त काय हे अजून ठरत नाही.

आता ज्या वादावर मी कुठेही बोलायला उभी राहिले की घसरतेच, त्याकडे येते. आपल्याकडे दागिन्याची मजुरी ग्रॅमवर किंवा टक्क्यांवर लावतात. ही पद्धत माझ्या मते कारागिरीच्या मुळावर आलेली आहे. ४० ग्रॅमचं गुळगुळीत कडं घ्या. सळई ओतायची, ठोकायची, वाकवायची, एक जोड, पॉलिश. मुरलेला कारागीर दुपारच्या आत संपवतो. ४ ग्रॅमची रव्याची कुडी घ्या. एकेक दाणा कोळशावर वितळवून गोल करायचा, चाळून सारख्या मापाचे निवडायचे, सवागीच्या पाण्यात बुडवून चिमट्याने जागेवर ठेवायचे आणि सगळ्यांवर एकदम आच द्यायची. आच जरा जास्त झाली तर दाणे बसून चपटे होतात, कमी झाली तर महिन्याभराने गळतात. मजुरी ग्रॅमवर लावली की कड्याला कुडीच्या दहापट मजुरी मिळते. टक्क्यांवर लावली तर आणखी विचित्र होतं. चांदी महागली की काम तेवढंच राहून मजुरी फुगते, स्वस्त झाली की त्याच हातांची किंमत उतरते. मजुरी तासावर असायला हवी. सुताराला आपण लाकडाच्या वजनावर पैसे देत नाही.

पण सांगलीच्या मुलीची वही पाहिल्यापासून या मताला मला एक पुरवणी जोडावी लागते. जुन्या पद्धतीत गिऱ्हाईक बहुधा स्वतःचं सोनं घेऊन सोनाराकडे जायचं. सोनार घट आणि मजुरी घ्यायचा, धातूच्या भावाची चढउतार त्याच्या अंगाला लागत नसे. दुकानात ज्या दिवशी घ्याल त्या दिवशीचा दर, हा नियमही तसाच धंदा सांभाळणारा. छंदातून आलेल्या लोकांना तो बाजारू वाटतो. ते दागिन्यावर चित्रासारखी एकच किंमत लावतात, आणि तसं करताना धातूचा सगळा धोका नकळत स्वतःच्या डोक्यावर घेतात. म्हणून आता मी सांगते ते असं: बिलावर दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत धातू, वजन आणि त्या दिवशीचा दर. दुसऱ्या ओळीत मजुरी, तासांवर ठरवलेली, दराशी संबंध नसलेली. आणि आगाऊ रक्कम किमान पूर्ण धातूची घ्या, त्याच दिवशी चांदी आणून त्या ऑर्डरीच्या नावाने वेगळ्या पुडीत ठेवा.

यावर हमखास प्रश्न येतो, "मोड किती येईल?" दागिना मोडला तर परत काय मिळेल, हे विचारायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. आपल्याकडे दागिना अडीअडचणीला उपयोगी पडणारी पुंजी आहे, आणि ज्या घरांनी त्या आधारावर मुलांची शिक्षणं केली त्यांच्या प्रश्नाला नाक मुरडणं मला पटत नाही. मात्र उत्तर सरळ द्यावं: धातूचे पैसे त्या दिवशीच्या दराने परत येतील, मजुरी परत येणार नाही. दोन ओळींच्या बिलात हे आपोआप दिसतं.

चांदी काळी पडली म्हणून "खोटी निघाली" असं सांगत दागिना परत पाठवणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं. हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने चांदी काळवंडते. शुद्ध चांदीही काळवंडते आणि ९२५ ची जरा लवकर, कारण तिच्यात तांबं आहे. देवघरातलं निरांजन दर सणाला घासणाऱ्या घरांतूनच या तक्रारी येतात, याचं मला फार वाईट वाटतं. खात्री हवी असेल तर हॉलमार्क पाहा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यालाही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक मिळू लागला आहे. फोटोवरून चांदी खरी की खोटी हे ठरत नाही.

घरातून काम सुरू करणाऱ्यांनी टाक्याकडे नीट लक्ष द्यावं. ९२५ चांदी ८०० अंशांच्या वर वितळायला लागते, म्हणून तिला जोडणारा टाका त्याआधी वाहावा लागतो. एका झुमक्यात चार जोड असतील तर पहिल्याला कडक टाका, पुढच्यांना मध्यम, शेवटच्याला मऊ, म्हणजे पुढच्या आचेने मागचा जोड सुटत नाही. छंद म्हणून करणारे सगळीकडे मऊच वापरतात, कारण तो सोपा. असा दागिना दुरुस्तीला आला की आचेखाली चारही जोड एकदम सुटतात. आणि कॅडमियमचा टाका स्वस्त, लवकर वाहणारा म्हणून कुणी दिला तर घेऊ नका. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. ज्योत जरा जास्त झाली की त्याची वाफ होते, आणि ती वाफ फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करते. जेवणाच्या टेबलावर, मुलं आजूबाजूला असताना हे काम करणारी घरं मी पाहिली आहेत.

रविवार पेठेतले बंगाली कारागीर आणि हुपरीतली पैंजणं घडवणारी घरं यांच्याबद्दल थोडं. हुपरीत एक घर तार ओढतं, दुसरं जोडतं, तिसरं उजळतं, आणि त्या विभागणीमुळेच एकसारखा माल वेळेवर निघतो. सगळं एकटीने करण्याचा हट्ट छंदात ठीक, व्यवसायात तो माणसाला थकवून टाकतो. पॉलिश बाहेर द्या, तार तयार घ्या. पण कारागिराला त्याच्या तासाचे पैसे द्या, स्वतःच्या तासाला लावता त्याच मापाने. आपण शहरातले लोक इंस्टाग्रामवर "हाताने घडवलेलं" असं लिहून जो दर मिळवतो, तो पिढ्यान्‌पिढ्या हाताने घडवणाऱ्यांना मिळत नाही. माझ्या कार्यशाळेतही हा प्रश्न मी पूर्ण सोडवलेला नाही. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनार आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. ते चांगलंच आहे, पण दर गिऱ्हाईकच देणार.

नोकरी कधी सोडावी? पंचांगाचं एक पूर्ण चक्र हिशेब लिहून झाल्यावर. गौरी-गणपती ते दिवाळी हा काळ सगळ्यांनाच फसवतो. पितृपक्ष आणि पौष कसे जातात ते पाहा. यंदा १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ ऐन लग्नसराईत आला. लग्नं थांबली, झुमके थांबले, आणि जावयाच्या वाणासाठी निरांजनं अन् वाट्या मागणारे फोन येत राहिले. ज्यांच्याकडे फक्त कानातली होती त्यांचा महिना कोरडा गेला. वर्षभराच्या वहीत प्रत्येक तासाला निदान एखाद्या मुरलेल्या कारागिराची मजुरी स्वतःला देऊन काही उरत असेल, आणि तोच झुमका चाळिसाव्यांदा करतानाही रव्याची ओळ सरळ येत असेल, तर सोडा. नसेल तर शनिवार-रविवारी करत राहा, त्यात कमीपणा काहीही नाही.

सांगलीची मुलगी सध्या एका पतसंस्थेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी काम करते, दोन ओळींच्या बिलावर. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: या दिवाळीत अशा कुणाकडून दागिना घेतलात, तर धातूचा दर हवा तितका तपासून पाहा, वजनकाट्यावर ठेवून घ्या, हॉलमार्क बघा. मजुरीच्या ओळीत मात्र घासाघीस करू नका.