धूर छातीत घेत नाही, मग सिगार चालेल ना?

विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, मिश्री हे शीळफाट्याच्या माझ्या ओपीडीतले जुने पाहुणे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तसा गेल्या काही वर्षांत त्यांत सिगार आला. "डॉक्टर, सिगारेट कधीच सोडली. शनिवारी एखादा सिगार, तोही धूर आत न घेता. एवढं चालतं ना?" हा प्रश्न तुमच्याही मनात असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या एका पेशंटला ही आवड कशी लागली ते आधी ऐका. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) वय पंचेचाळीसच्या पुढे, चांगली नोकरी. पहिला सिगार मेहुण्याने दुबईहून आणलेला. टेरेसवर बसून अर्धा ओढला आणि दरदरून घाम, मळमळ, चक्कर. रात्री जेवलेही नाहीत. "पैसे देऊन कोण हा त्रास विकत घेईल, असं वाटलं होतं," ते म्हणाले. दुसरा काही महिन्यांनी, ऑफिसच्या पार्टीत, साहेबांनी पुढे केला म्हणून. त्या वेळी त्रास कमी झाला. वर्षभरात कुठल्या सिगारला कोकोसारखा वास, कुठल्याला चामड्यासारखा, हे ते मला रंगून सांगू लागले. शेवटी म्हणाले, "शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून घासून घरी आल्यावर तो एक तास माझा असतो. फोनसुद्धा बघत नाही."

हा आनंद खोटा आहे असं मी त्यांना म्हटलं नाही. आम्ही डॉक्टर तिथेच चुकतो. "यात मिळतं तरी काय?" असं विचारलं की पेशंट पुढच्या वेळी सांगणंच बंद करतो. पण ही आवड तयार कशी झाली ते बघा. पहिल्या दिवशीची मळमळ आणि घाम ही निकोटीनची सौम्य विषबाधा होती. शरीराने आपलं मत स्पष्ट सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा तोच डोस मिळाल्यावर मेंदू सरावला, मळमळ गेली, बरं वाटणं तेवढं उरलं. मग ती खुर्ची, लायटरचा आवाज, शनिवारची संध्याकाळ, सगळं त्या डोसला चिकटलं. आपण म्हणतो 'चव लागली', पण जीभ यात सगळ्यांत शेवटी आली! पुढे शनिवारबरोबर बुधवारही आला. बुधवारी दुपारपासून चिडचिड व्हायची आणि सिगार पेटवला की शांत वाटायचं. ती चिडचिड निकोटीन उतरल्याची होती.

आता 'धूर आत घेत नाही' याबद्दल. नाक्यावरच्या टपरीवर ट्रकवाला तळहातावर तंबाखूत चुना का मळतो? चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटीन ओठाच्या, गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं. सिगारचं पान हवेत सुकवून महिनोन्‌महिने आंबवतात, त्यामुळे त्याचा धूरही बहुधा अल्कधर्मी असतो. सिगारेटचा धूर त्यामानाने आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. सिगारला त्याची गरजच नाही. म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने टेरेसवरचा सिगार हा टपरीवरच्या मळलेल्या तंबाखूचा भाऊच, फक्त डबी महागडी.

शिवाय एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो, आणि जे आधी सिगारेट ओढत होते ते नकळत धूर आत घेतातच. मग हृदय आणि फुप्फुसांनाही धोका. आत न घेणाऱ्यांनाही तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका राहतोच. मनाचे गाढे अभ्यासक सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ मध्ये तोंडाचा कॅन्सर झाल्याचं समजलं. पुढे ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. १९३९ मध्ये ते गेले. तेव्हा 'माझी इच्छाशक्ती कमी पडते' म्हणून स्वतःला दोष देत बसू नका, मदत घ्या.

माझ्या पेशंटच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. दुखत नव्हता, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. बायोप्सीत कॅन्सर निघाला नाही, पण पेशी बदलू लागल्या होत्या. आम्ही निकोटीनचे पॅच सुरू केले आणि तो टेरेसवरचा एक तास मुद्दाम तसाच ठेवला. खुर्ची तीच, फोन घरात. दिवाळीत मेहुणा आला तेव्हा एक ओढला गेलाच, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅच लावला. दर तीन महिन्यांनी तोंड तपासायला येतात.

तुम्ही तंबाखू कुठल्याही रूपात घेत असाल तर आज आरशासमोर उजेडात तोंड उघडा. तीन बोटं उभी आत जातात का? गालाच्या आत किंवा जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांहून जुनी जखम दिसते का? दिसली तर थांबू नका, दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. आणि दवाखान्यातल्या फॉर्मवर 'धूम्रपान' समोर 'नाही' लिहिण्याआधी शनिवारचा सिगारही धरा. आम्हाला तो कळायलाच हवा.