पोच

२००७ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो, तेव्हा आपल्याला पीएचपी येतं असा माझा समज होता. पहिलं काम एका क्लासच्या प्रवेशअर्जाचं. अर्ज भरला की पालकांना ई-मेलने पोच जायला हवी होती. पीएचपीत 'मेल' नावाचं फंक्शन आहे, ते लिहिलं की मेल जातो, एवढंच मला ठाऊक. सर्व्हर विंडोजचा. पीएचपी त्याच मशीनच्या २५ नंबरच्या पोर्टवर मेल-सर्व्हर शोधायचं आणि तिथे तो नव्हताच. स्क्रीनवर तसा इशाराही येत होता. मी फंक्शनच्या आधी 'अ‍ॅट'चं चिन्ह टाकून तो दडपला आणि खाली छापलं, 'पोच ई-मेलने पाठवली आहे.'

आठवडाभर पालक क्लासच्या ऑफिसात फोन करत राहिले. माझ्या वाटची बोलणी तिथल्या कारकुनाने खाल्ली.

आमच्या सीनियर मॅडमनी कोड वाचला आणि एवढंच विचारलं, "पत्र कुणाच्या हाती दिलंस रे?" मग टेलनेट उघडून त्या आमच्या कंपनीच्या मेल-सर्व्हरशी हातानेच बोलू लागल्या. नमस्कार, पाठवणारा, घेणारा. दर वेळी पलीकडून २५०. 'डेटा' म्हटल्यावर ३५४, म्हणजे सांगा मजकूर. शेवटी ओळीत एकटंच टिंब, एंटर, पुन्हा २५०.

"आता जबाबदारी त्याची. पोचवेल, नाहीतर परत कळवेल. हा २५० येईपर्यंत 'पाठवलं' म्हणायचं नाही."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला पीएचपीमेलर बसवायला शिकवलं. बाहेरचा मेल-सर्व्हर, ५८७ पोर्ट, लॉगिन, पासवर्ड. आपल्या मशीनवर मेल-सर्व्हर असायची गरजच नाही. 'अ‍ॅट'चं चिन्ह त्यांनी माझ्यादेखत खोडलं. त्याबद्दल बोलल्या मात्र काहीच नाहीत.

पुढे कधीतरी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहिलेले एसएमटीपीचे, म्हणजे मेल-सर्व्हरशी होणाऱ्या त्या बोलण्याचे, नियम वाचले. स्वीकारलेलं पत्र पोचवता आलं नाही, तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं, हे त्यात आहे. मॅडमचं वाक्य कुठून आलं ते तेव्हा कळलं.

आज नवी मुलं माझ्याकडे कोड दाखवायला येतात. कुणी इशारा दडपलेला दिसला की मला तो कारकून आठवतो. मी ते चिन्ह खोडतो आणि विचारतो, "पत्र कुणाच्या हाती दिलंस?"

मॅडमना हे कधी कळवलं नाही. ती पोच माझ्याकडून राहिलीच आहे.