बँडमास्तर हाही संगीतकारच

बारामती-इंदापूर पट्ट्यात लग्नाची वरात निघाली की क्लॅरिनेट गाण्याचा मुखडा धरते, अंतऱ्याला ट्रम्पेट वर चढतो, युफोनियम खालून षड्ज-पंचम राखतो. गाणे सिनेमातले, चाल दुसऱ्याची. पण कोणत्या वाद्याने कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे, हे बँडमास्तर ठरवतो, आणि हे ठरवणे म्हणजेच रचना, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे मोठ्या ड्रमवर बँडचे नाव रंगवलेले असते. मांडणी करणाऱ्याचे नाव कुणी विचारतही नाही. बोहेमियातल्या कोलीन गावाने वेगळे केले. शिंप्याच्या पोटी जन्मलेले फ्रान्तिशेक क्मोख (1848-1912) शिक्षकी पेशातून बाहेर पडले आणि गावचा बँड हाच त्यांचा संसार झाला. लोकगीतांच्या चाली त्यांनी मार्चच्या मधल्या भागात अशा बसवल्या की ऐकणाऱ्याला सहज सोबत गाता यावे. चाली लोकांच्या होत्या, तरी संगीतकार म्हणून मान क्मोख यांना मिळाला. त्यांच्या नावाने कोलीनमध्ये आजही ब्रास बँडचा महोत्सव भरतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा: पितळेच्या वाद्यात आपले गाणे मावत नाही. यात तथ्य आहे. ट्रम्पेटला तीन कळा असतात. कळ दाबली की नळी लांबते आणि स्वर उतरतो. मधलीने अर्ध्या स्वराने, पहिलीने एका, तिसरीने दीड स्वराने. यांच्या अधल्यामधल्या जागा ओठांच्या ताणावर काढाव्या लागतात आणि त्या सगळ्या निघत नाहीत. म्हणूनच काय गाळायचे हे कळणारा माणूस लागतो. राष्ट्रगीत म्हणून ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजवता येणार नाही, अशी हरकत निघाली तेव्हा मास्टर कृष्णरावांनी झिंझोटीत बँडला पेलणारी चाल बांधली आणि बँडप्रमुखांच्या मदतीने तिचे स्वरलेखन करून घेतले. भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीतकार; पण बँडसाठी काम करणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. 24 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रगीत म्हणून ‘जन गण मन’ जाहीर झाले, त्याने या कामाचे मोल घटत नाही.

दुसरा आक्षेप असा की आपले मास्तर कानावरून उचलतात, लिहून काहीच ठेवत नाहीत. मग ख्यालगायकीतल्या कितीतरी बंदिशी तरी कागदावरून आल्या का? नुसती नक्कल करणारे मास्तर आहेतच. त्यांच्या बँडमध्ये मुखड्यापासून शेवटपर्यंत सगळी वाद्ये एकच ओळ ओरडत राहतात. पण तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरच्या या गावांत अभंगाच्या चाली घराघरांत मुरलेल्या आहेत. तिथे क्लॅरिनेटवर अभंग घेणाऱ्याची एक जागा चुकली तरी ऐकणाऱ्याला कळते. अशा श्रोत्यांपुढे टिकलेली मांडणी अपघाताने जमत नाही. पण आता डीजेने वराती काबीज केल्या आहेत आणि न लिहिलेली मांडणी मास्तरबरोबरच जाते. सणसर, निमगाव केतकी, इंदापूर इथल्या जुन्या वादकांना एकत्र बसवून ध्वनिमुद्रण व्हायला हवे, तेही वरातीच्या गोंगाटात नव्हे, शांत खोलीत, एकेक वाद्य वेगळे ऐकू येईल असे. आणि प्रत्येक गाण्यापुढे मूळ संगीतकाराशेजारी मांडणी करणाऱ्या मास्तरचे नाव हवे.