गळवाल्यांचे नियम

पवईच्या तलावावर गळ टाकायला येणाऱ्याला पूर्वी नियम कुणी वाचून दाखवत नसे. परवाना खिशात हवा, आणि जाळं नाही, फक्त गळ. बाकीचं काठावरची वडीलधारी मंडळी शिकवत. दुसऱ्याने चारा टाकून ठेवलेल्या पाण्यात आपला गळ टाकायचा नाही. शेजाऱ्याला मोठा मासा लागला, की मुकाट्याने आपली दोरी गुंडाळून घ्यायची. दोऱ्या एकमेकींत अडकल्या की मासा गेलाच. वडिलांबरोबर जाताना हे सगळं मी शाळेत असतानाच शिकलो. चाऱ्याची कृती मात्र कुणी सांगत नसे. कोंडा, भाजलेलं बेसन, बडीशेप इथवर सगळ्यांचं सारखं, पुढचं ज्याचं त्याच्यापाशी.

सरकारी कायदा होता तो वेगळ्याच माणसांसाठी. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारायला 1897च्या कायद्यानेच बंदी घातली होती. काठावर दिवसभर कणकेची गोळी लावून बसणाऱ्याशी त्याचा काय संबंध?

तेव्हा लागलेला मासा घरी यायचा. बसमध्ये पिशवीतून रोहूचं शेपूट बाहेर डोकावत असे, आणि वडिलांना त्याचा केवढा अभिमान! आता बहुतेक हौशी मंडळी मासा परत सोडतात, आणि हा बदल मला मनापासून पटतो. कटला, रोहू, मृगळ हे मुळात वाहत्या नदीत विणणारे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीण करत नाहीत, म्हणून तलावात त्यांची बोटुकली सोडावी लागतात. 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून बीज मिळणं सोपं झालं. तरी बोटुकलीचा दहा किलोंचा कटला व्हायला वर्षं जातात. तो एका रविवारच्या कालवणात संपवायचा?

सोडण्याचीही रीत आहे. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. गळाचा उलटा काटा आधीच घासून टाकलेला असला, की गळ एका झटक्यात सुटतो. मग पोटाखाली हात धरून मासा पाण्यातच उभा ठेवायचा. कल्ले उघडमीट करू लागतात, शेपटीत जोर येतो आणि तो आपणच निसटतो. नव्या पोरांना हे इतक्या हळुवारपणे करताना पाहिलं की फार बरं वाटतं. आमच्या वेळी ही माया नव्हती.

पण पाणी तेव्हाचं राहिलेलं नाही. 1891 साली मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला हा तलाव. ते पाणी पिण्यातून फार पूर्वीच बाद झालं, पण त्यात सांडपाणी येत राहिलं. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. तिची गादी पसरली की खाली ऊन पोचत नाही, कुजताना ती पाण्यातला प्राणवायू खाते, आणि पहाटे, जेव्हा तो सगळ्यांत कमी असतो, मासे पृष्ठभागावर तोंडं काढून हवा गिळू लागतात. ओले हात, घासलेला काटा, सगळी काळजी अशा पाण्यात वाया जाते.

मला राग येतो तो इथे. गळवाल्याने परवाना दाखवायचा, जाळं आणायचं नाही, मासा जपून सोडायचा. त्याने हे सगळं पाळावं, पाळतोही. नाल्यातून येणाऱ्या घाणीला मात्र कुणी परवाना विचारत नाही. जलपर्णी यंत्रं लावून काढतात, ती पुन्हा वाढते, कारण तिचं खाद्य चालूच असतं. आधी सांडपाणी वळवून शुद्धीकरणाकडे न्यायला हवं. आणि पाणी बिघडलं हे ज्यांना पहिल्यांदा कळतं, त्या पहाटे काठावर बसणाऱ्यांचं म्हणणं तलावाची व्यवस्था ठरवताना ऐकून घ्यायला हवं.